ताप उतरला, पण मन?



आजचं चिंतन गीतेच्या पहिल्या अध्यायातल्या २८ ते ३० या श्लोकांवर. अर्जुन आपली अवस्था सांगतोय : गात्रं गळाली आहेत, तोंडाला कोरड पडलीय, अंगाची आग होतेय, उभं राहवत नाही, मन भिरभिरतंय. बघा, दुःख मनाचं आहे, पण सांगताना तो शरीरापासून सुरुवात करतो.

पावसाळ्यात आपल्या ओळखीत डेंग्यू नाहीतर चिकनगुनियाचा एखादा तरी पेशंट असतोच. आठवड्याभरात ताप उतरतो, प्लेटलेट्स वर येतात, घरचे निर्धास्त होतात. आणि काही जणांचं दुसरंच दुखणं तिथून सुरू होतं. उगाच रडू येतं, झोप लागत नाही, कशातच रस वाटत नाही. चिकनगुनियात तर सांधे महिनोन्महिने छळतात. त्यात साधक माणसाला आणखी एक भीती : जप करतोय पण गोडी नाही, म्हणजे माझी भक्ती वरवरचीच होती का?

मग उदासी हा श्रद्धेचा दोष मानायचा का?

विषाणूशी लढताना शरीर सायटोकाइन नावाची प्रथिनं सोडतं. त्यांचा निरोप मेंदूपर्यंत पोचतो. भूक मरते, माणसं नकोशी वाटतात, नुसतं पडून राहावंसं वाटतं. आजारी शरीराला विश्रांती मिळावी, यासाठीची ही सोय. काहींच्या बाबतीत ती ताप गेल्यावरही रेंगाळते. अशक्तपणा, अंगदुखी आणि एकटेपणा त्यात भर घालतात. डेंग्यूच्या रुग्णांमध्ये नैराश्याची लक्षणं अनेक देशांतल्या डॉक्टरांनी नोंदवली आहेत. आमच्या कामात सर्व्हर तापून संथ चालला, तर कोड लिहिणाऱ्याच्या हेतूवर कोणी शंका घेत नाही. इथे मात्र आपण लगेच श्रद्धेवर घेतो.

कोणी म्हणेल, पण भगवंतांनी अर्जुनाला खडसावलंच ना, हे दुबळेपण सोड म्हणून? हो, दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला. पण दोन गोष्टी विसरू नका. अर्जुनाचा विषाद धर्मसंकटातून आलेला होता, तापातून नाही. आणि त्या खडसावण्यानं तो उठला नाहीच. अख्ख्या पहिल्या अध्यायात श्रीकृष्ण एकच वाक्य बोलतात, बाकी ऐकून घेतात. पुढे अठराव्या अध्यायापर्यंत समजावतात. तोवर रथ सोडून जात नाहीत.

म्हणून मला वाटतं, अशा वेळी परीक्षा आजारी माणसाच्या श्रद्धेची नसतेच. ती आपली असते. "पॉझिटिव्ह राहा, नाम घे" एवढं टाइप करून मोकळं व्हायचं, की जवळ जाऊन बसायचं? त्याला नाम घेवत नसेल, तर त्याच्या शेजारी बसून आपण घ्यावं. सोबत पेज न्यावी, डॉक्टरकडे जाताना बरोबर जावं.

आणि जो स्वतः यातून जातोय त्याला : उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगणं नकोसं वाटलं, तर एक दिवसही थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो. औषध घेणं म्हणजे देवावर अविश्वास नव्हे.

आजचा संकल्प : नुकतंच तापातून उठलेलं कोणी आठवतंय? आज त्यांना फोन करा. प्लेटलेट्स विचारून झाल्या की मन कसं आहे, तेही विचारा. आणि उत्तर पूर्ण ऐका.

राम कृष्ण हरी 🙏