अडलेल्याचं काय?

आमच्या सांगलीकडच्या दिगंबर जैन घरांत पाणी गाळण्याचं काम फडक्यापाशी संपत नसे. दुहेरी कापडातून पाणी गाळून झालं की आज्जी फडकं उलटं करायची, गाळलेलंच पाणी त्यावरून ओतून वर राहिलेलं भांड्यात उतरवायची आणि ते पुन्हा आडात सोडायची. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असे. पाण्याला टेकल्यावरच ती उलटायची, म्हणजे आतले जीव उंचावरून आदळत नाहीत. या उरलेल्याला जिवाणी म्हणतात. ज्या आडाचं पाणी, त्याच आडात जिवाणी. दुसऱ्या आडात नाही, गटारात तर नाहीच.

मी बंगळुरात, बेळ्ळंदूरला राहते आणि पोटासाठी गाळण्याच करते. माझ्या गाळणीची भोकं मात्र अँगस्ट्रॉममध्ये मोजतात. सच्छिद्र अॅल्युमिनाच्या चकतीवर झेडआयएफ-8 चा थर वाढवायचा. जस्ताचे आयन आणि मिथिलइमिडाझोलचे रेणू जोडत जाऊन त्याची पोकळ जाळी बनते. अशा धातु-सेंद्रिय जाळ्यांसाठीच 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. चकती दोनेक मिलिमीटर जाड, थर जेमतेम मायक्रॉनभर. चकती घासून गुळगुळीत करायची, तिच्यावर बारीक स्फटिकांचं बी लावायचं आणि मग ती द्रावणात उभी धरायची. आडवी ठेवली तर द्रावणातच तयार झालेले स्फटिक तिच्यावर येऊन बसतात आणि थर ओबडधोबड होतो. वाळवताना घाई केली की तडा जातो, आणि एका तड्यातून सगळंच वाहून जातं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उल्हास खारुल, राहुल बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये हाच थर पॉलिमरच्या पोकळ तंतूंवर, खोलीच्या तापमानाला वाढवून दाखवला. एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव वापरून थर तंतूच्या आत धरायचा की बाहेर, हे त्यांना ठरवता आलं. मला या कामातली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. भिंत कुठल्या बाजूला उभी राहणार, हे उभी करणारा ठरवतो.

झेडआयएफ-8 चा झरोका 3.4 अँगस्ट्रॉमचा. हिशेबाने त्यातून प्रोपिलीन वायू जायलाच नको. पण झरोक्याच्या चौकटीतले रेणू किंचित डुलतात आणि प्रोपिलीनला वाट मिळते. प्रोपेन आकाराने थोडंच मोठं, तरी बहुतांशी मागे राहतं. यात अशुद्ध कोण? दोन्ही वायू कामाचे आहेत. जाळीला आकार कळतो, शुद्धाशुद्ध कळत नाही. ते आपण ठरवतो, आणि आपल्याला हवी असलेली बाजूच शुद्ध धरतो. सोवळ्याओवळ्याचा विचार करताना पिढ्यान्‌पिढ्या आपण भिंतीची एकच बाजू पाहिली. जिवाणीचा नियम दुसरी बाजू पाहायला लावतो. अडलेल्याचं काय, हा प्रश्न तो गाळणाऱ्यालाच विचारतो.

यावर आक्षेप येतो की जिवाणीत जीव असतात, पाण्याच्या गाळणीत अडणाऱ्या क्षारांना काय दुखणार? खरं आहे. पण क्षार जिथे जातात तिथे कोणीतरी राहत असतं. घरचा आरओ सहसा जेवढं पाणी पाजतो, त्याहून अधिक मोरीत सोडतो. आमच्या बेळ्ळंदूरच्या तळ्यात वर्षानुवर्षं शहराचं सांडपाणी आणि साबण उतरत राहिला. मे 2015 मध्ये त्याचा फेस पेटला. जानेवारी 2018 च्या आगीत सैन्याचे जवान उतरले. घरोघरी आम्ही स्वच्छच होतो.

जैन शास्त्र तर याहून कठोर आहे. पाणी स्वतःच अप्काय, म्हणजे एकेंद्रिय जीव. गाळल्याने त्यातले त्रस, म्हणजे हलते-फिरते जीव तेवढे वाचतात, पाण्याची हिंसा काही टळत नाही. शिवाय गाळलेलं पाणी 48 मिनिटंच चालतं, मग पुन्हा गाळायचं. म्हणजे धर्माने इथे शुद्ध होण्याचं आश्वासन दिलेलंच नाही. त्याने यत्नाचार, म्हणजे जपून वागणं, मागितला आहे, आणि तोही दर वेळी नव्याने. मला हे पटतं, कारण पूर्ण निवड करणारा पडदा आम्हालाही कधी सापडत नाही. निवड वाढवायला गेलं की प्रवाह घटतो. 1991 मध्ये लॉइड रोबसन यांनी (नोबेलचे रॉबसन वेगळे) पॉलिमरच्या पडद्यांसाठी ती सीमारेषा आलेखावर आखली. झेडआयएफ-8 सारखे पडदे ती ओलांडतात, तरी जाळीत कुठेतरी फट राहतेच.

आज्जीचा नियम इथे जसाच्या तसा मात्र चालत नाही. आमच्या नळाला कावेरीचं पाणी शंभरेक किलोमीटरवरून चढवून आणतात. अडलेलं परत त्याच पाण्यात कसं सोडणार? ते दुसरीकडेच जातं. 2018 पासून बंगळुरातल्या कोरमंगल-चल्लघट्टा खोऱ्यातल्या शुद्धीकरण केंद्रांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोलारच्या तळ्यांत जातं. दुष्काळी कोलारला पाणी हवंच आहे, आणि तिथल्या विहिरींना त्याने पाणी चढलं. पण त्या पाण्यावरची प्रक्रिया दुसऱ्या टप्प्याशी थांबते. तिसरा टप्पा खर्चाचा आहे, हे मला माहीत आहे, आणि तो खर्च बंगळुरानेच करावा असं माझं म्हणणं आहे. पाणी आपण वापरलं, आणि ते मुरतं आहे दुसऱ्याच्या विहिरीत.