बोलला बाप, फेडलं पोरीनं

बिदरहून उदगीरच्या रस्त्याला लागलं की भालकी तालुक्यातल्या खानापुरात मैलार मल्लण्णाचं देऊळ येतं. आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबा तो हाच. आवारात पाय ठेवला की भंडाऱ्यानं तळवे पिवळे होतात. कुणी जावळ काढायला आलेलं असतं, कुणी तळी भरायला, कुणी नुसताच नारळ वाढवायला. कन्नड, मराठी, तेलुगू, दखनी, सगळ्या भाषांत नवस फिटत असतात आणि जरा कान देऊन बसलं तर घासाघीसही ऐकू येते. चालत येईन म्हटलं होतं, आता गुडघे गेलेत, बसनं आलो तर चालेल का? बकरं बोललो होतो, यंदा तूर गेली, पुरणपोळीवर भागेल का? बहुतेकदा उत्तर येतं, चालतंय की. देव भावाचा भुकेला.

शहाणीसुरती माणसं या घासाघिशीला हसतात. मला हसू येत नाही. हिब्रू धर्मग्रंथांतली नवसाची सगळ्यात भयंकर गोष्ट देवाशी घासाघीस न करणाऱ्या माणसाची आहे.

ती ‘शास्ते’ या पुस्तकात आहे. इफ्ताह हा गिलादचा लढवय्या. आई वेश्या, म्हणून सावत्र भावांनी वाटणीतून उठवून घराबाहेर काढलेला. पुढे अम्मोनी चालून आले तेव्हा गावचे वडीलधारे त्याच्याच दारात उभे राहिले. इफ्ताहानं त्यांना सोडलं नाही. आधी हाकललंत, आता गरज पडली का, असं सुनावलं आणि जिंकलो तर मीच प्रमुख, हे कबूल करून घेतलं. अम्मोनी राजाकडेही त्यानं जासूद धाडले आणि जमीन कोणाची याचा तीनशे वर्षांचा हिशेब मांडला. म्हणजे माणूस बोलण्यात कच्चा नव्हता. परमेश्वराचा आत्मा त्याच्यावर उतरला असंही ग्रंथ सांगतो, तेव्हा नवसाची खरं तर गरजच उरली नव्हती. तरी तो बोलून बसला: जय मिळाला तर परतल्यावर माझ्या घराच्या दारातून जे सामोरं येईल त्याचा होम करीन.

दारातून आली ती त्याची एकुलती एक मुलगी. डफ वाजवत, नाचत. बापानं कपडे फाडले आणि पहिलं वाक्य काय काढलं, तर तू मला पार खाली पाडलंस. बोलला हा, आणि दोष तिचा! आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येतं. मुलगी शांतपणे म्हणाली, शब्द दिलात ना, पाळा. मला फक्त दोन महिने द्या, मैत्रिणींबरोबर डोंगरात जाऊन रडून येते. तिचं नाव ग्रंथात नाही.

खरं तर नवसातून सुटायची वाट त्याच ग्रंथांत आहे. माणूस देवाला बोलला असेल तर त्याचं मोल चांदीत भरावं, असं ‘लेवीय’ सांगतं आणि दरही देतं: वीस ते साठ वयाच्या पुरुषाचे पन्नास शेकेल, बाईचे तीस, पाच ते वीस वर्षांच्या मुलीचे दहा. तेवढीही ऐपत नसेल तर याजकानं माणूस बघून रक्कम ठरवावी. खानापुरातली पुरणपोळी ती हीच. ‘गणना’च्या तिसाव्या अध्यायात आणखी एक सोय आहे. मुलगी काही बोलून बसली आणि बापानं ऐकलं त्याच दिवशी मोडता घातला, तर नवस रद्द, तिला दोष नाही. बायकोच्या नवसाला नवऱ्यानं मोडता घालायचीही तशीच मुभा. सगळा अध्याय वाचून काढला तरी बाप बोलला तर मुलीनं काय करावं याचं कलम सापडत नाही.

पुढच्या काळात यहुदी पंडितांनी नवस सोडवायची रीतच बसवली. बोलणाऱ्याला समोर बसवून विचारायचं, असं असं होईल हे ठाऊक असतं तर बोलला असतास का? ‘नाही’ म्हणाला की त्या नकारातून दार उघडायचं आणि माणसाला मोकळं करायचं. या मुभेला ग्रंथाचा फारसा आधार नाही, ती अधांतरीच आहे, हे मिश्ना या आपल्या धर्मसंहितेत त्यांनीच मोकळेपणानं लिहून ठेवलंय. तरी वापरली, ही अक्कल मला फार मोलाची वाटते. इफ्ताहाबद्दल ते म्हणतात, फिनहास हा मुख्य याजक तेव्हा हयात होता. इफ्ताह म्हणाला, मी सरदार, मी कशाला जाऊ? फिनहास म्हणाला, मी मुख्य याजक, मी कशाला जाऊ? दोघांच्या ताठ्यात पोर गेली.

शौल राजाची गोष्ट याच वळणाची, पण शेवट वेगळा. संध्याकाळपर्यंत जो अन्नाला शिवेल तो शापित, अशी आण त्यानं भर लढाईत फौजेला घातली. मुलगा योनाथान तिथं नव्हता. रानातला मध काठीच्या टोकानं घेऊन चाटला. आण कुणी मोडली हे बघायला टाकलेली चिठ्ठी त्याच्यावर आली, बाप त्याला मारायला निघाला. तेव्हा अख्खी फौज आडवी आली: आज ज्यानं जिंकून दिलं त्याच्या केसाला धक्का लागू देणार नाही. राजाची आण तिथंच मोडली. योनाथानाच्या मागे फौज होती. इफ्ताहाच्या मुलीमागे मैत्रिणी होत्या, त्यांना रडता तेवढं आलं.

मध्ययुगात दाविद किमही या भाष्यकारानं म्हटलं की तिला जाळलं नाही, देवाच्या नावानं जन्मभर बिनलग्नाची वेगळी ठेवली. हे सौम्य वाटतं खरं, पण खंडोबाच्या मुलखातल्या माणसाला इथंच ओळख पटते. मूल होत नाही, झालं तर जगत नाही, मग बोलायचं: पहिलं मूल तुझ्या पायाशी. मुलगा झाला तर वाघ्या, मुलगी झाली तर मुरळी. भंडारा उधळून, गळ्यात कवड्यांची माळ घालून पोरीचं लग्न देवाशी लागायचं. वाघ्याला संसार करता यायचा. मुरळीला नाही, तिचा नवरा देव! आणि देवाची म्हणजे गावातल्या कुणाचीही, हे पुढचं सगळ्यांना ठाऊक असायचं. मुली बहुतेक दलितांच्या आणि गोरगरिबांच्या. कलबुर्गीच्या बाजूला हेच यल्लम्माच्या नावानं चालत आलं.

पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी 1908 मध्ये ‘सोमवंशीय मित्र’ हे नियतकालिक काढलं आणि मुरळी सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. 1936 च्या जूनमध्ये परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, वाघ्या-मुरळ्या, आराधी जमले, त्यांच्यापुढे डॉ. आंबेडकर बोलले. त्याआधी 1934 मध्ये देवदासींसाठी कायदा झाला, पण तो मुंबई इलाख्याचा. भालकी-औराद तेव्हा निजामाच्या राज्यात. 1956 मध्ये जुना बिदर जिल्हा फोडला, उदगीर-निलंगा एका राज्यात आणि भालकी-हुमनाबाद दुसऱ्या राज्यात गेले. सोयरीक दोन्हीकडची, देव एकच, कायदे मात्र दोन: कर्नाटकाचा 1982 चा, महाराष्ट्राचा नवा 2005 चा.

उतावीळ नवस म्हणून आपण या सगळ्याला एकाच दावणीला बांधतो, तिथं मात्र माझा विरोध आहे. दारातून कोण येणार हे इफ्ताहाला ठाऊक नव्हतं. त्याला कुणी पंडितांचा तो प्रश्न विचारला असता तर उत्तर ‘नाही’ आलं असतं आणि दार उघडलं असतं. मुरळी सोडणाऱ्या बापाला विचारा, पोरच जाणार हे ठाऊक असतं तर बोलला असतास का? तो म्हणेल, हो, तिलाच तर बोललो होतो. यात उतावीळपणा कुठं आहे? चार माणसांत, भंडारा उचलून, शांतपणे ठरवलेलं हे देणं आहे, फक्त देणाऱ्याच्या खिशातून न जाणारं. अशा नवसाला पंडिताचं दार उपयोगी नाही. म्हणून कर्नाटकाचा 1982 चा कायदा त्या प्रश्नाच्या वाटेलाच गेला नाही. मुलीची संमती असो वा नसो, देवाला सोडणं बेकायदा. सोडणारे आईबाप किंवा नातेवाईक असतील तर शिक्षा परक्याहून जास्त. आणि देवाला सोडलेल्या बाईनं माणसाशी केलेलं लग्न कायदेशीर.

शिवूबाई नावाच्या मुरळीनं कायद्याची वाट पाहिली नव्हती. 1909 मध्ये तिचं पत्र ‘सोमवंशीय मित्र’मध्ये छापून आलं आणि पुढे तिनं कांबळे यांच्या एका सहकाऱ्याशी लग्न केलं.