सौंदर्यप्रसाधनांतील विष आणि व्यापाऱ्याची अमानत

प्रसाधनाची डबी हाती घेतली की धर्मनिष्ठ ग्राहक सहसा एकच प्रश्न विचारतो: यात डुकराची चरबी किंवा मद्यार्क तर नाही ना? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्याचे उत्तर मिळताच आपण निर्धास्त होतो आणि दुसरा, तितकाच गंभीर प्रश्न मागे राहतो: ही वस्तू वापरणाऱ्याला इजा तर करणार नाही ना? दिव्य कुरआनने अन्नासंबंधी बोलताना हलाल आणि तय्यिब हे दोन शब्द जोडीने योजले आहेत. तय्यिब म्हणजे शुद्ध आणि हितकर. जे पदार्थ मुखावाटे नव्हे, त्वचेवाटे शरीरात उतरतात, त्यांना हा निकष लागू नाही असे म्हणण्यास मला तरी कोणताही आधार दिसत नाही.

इस्लामला शृंगाराचे वावडे आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. अल्लाहने आपल्या दासांसाठी निर्माण केलेली शोभा निषिद्ध ठरवणारे तुम्ही कोण, असा सवालच सूरह अल-अअराफमध्ये केलेला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) सुगंध वापरीत, केसांना तेल लावीत, डोळ्यांत सुरमा घालीत. वाद सजण्याविषयी नाही. डबीत काय भरले आहे, याविषयी आहे.

गोरेपणाच्या क्रीमचेच पाहा. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तयार होण्याच्या क्रियेत पारा अडथळा आणतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत चेहरा उजळ दिसू लागतो. हीच त्या क्रीमची सर्वांत मोठी जाहिरात. पण तोच पारा त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडांत पोहोचतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांत त्या विकाराचा एकच, एरवी क्वचित आढळणारा प्रकार निघाला आणि त्यांतील १३ जण गोरेपणाची क्रीम वापरणारे होते. आपल्या अकोल्यातही एकाच घरातील स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार जडला आणि त्याचे मूळ अशाच क्रीममधील पाऱ्यात असल्याचे समोर आले. क्रीम थांबवल्यावर बहुतेक रुग्ण सुधारतात, हे खरे. परंतु पायांना आलेल्या सुजेचे कारण तोंडाला लावलेल्या क्रीममध्ये शोधावे, हे कोणाच्या ध्यानी येणार? (गोऱ्या सुनेचा आग्रह धरणाऱ्या घरांनीही इथे क्षणभर थांबावे. सूरह अर्-रूममध्ये माणसांच्या रंगांतील भिन्नतेला अल्लाहची निशाणी म्हटले आहे, आणि ती निशाणी पुसून टाकण्यासाठी आपण मुलींच्या हाती पारा देत आहोत.)

यावर विक्रेत्याचे उत्तर ठरलेले असते: गिऱ्हाईक स्वतः येऊन मागते, आम्ही कोठे जबरदस्ती करतो? वरवर पाहता हा युक्तिवाद शरीअतला धरूनच आहे, कारण सूरह अन्-निसामध्ये व्यापार परस्परांच्या राजीखुशीने व्हावा असे सांगितले आहे. पण ज्याला काय विकत घेतो आहोत हेच ठाऊक नाही, त्याची राजीखुशी कशाला म्हणावी? प्रेषितांनी (स.) मदीनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली, ही हदीस आपणा सर्वांस परिचित आहे. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्याला विचारण्यात आले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नव्हे, असे बजावण्यात आले. धान्य भिजले हा त्याचा गुन्हा नव्हता. झाकून ठेवले, हा होता.

फिकहमध्ये अशा फसवणुकीवर उपाय आहे. माल सदोष निघाला तर तो परत करून पैसे घेण्याचा हक्क खरेदीदाराला मिळतो, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. कापडाच्या, जनावराच्या सौद्यात हा उपाय पुरेसा ठरतो. पाऱ्याच्या बाबतीत तो कोलमडतो, कारण दोष उघड होईपर्यंत महिने उलटलेले असतात. क्रीमची डबी परत करता येईल, मूत्रपिंड कोठून परत आणणार? शिवाय ओला दाणा बोटांना कळतो, दहा लाख भागांतले पाऱ्याचे भाग कोणत्याही बोटांना कळत नाहीत. म्हणूनच इथे ग्राहकाच्या सावधगिरीवर सारे सोपवून भागत नाही. विक्रीपूर्वीच तपासणी व्हावी लागते, आणि राशीत घालायचा हात आज प्रयोगशाळेचा असावा लागतो.

अशी तपासणी ही कोणा परक्यांची कल्पना नाही. ह. उमर (र.) यांनी शिफा बिन्ते अब्दुल्लाह (र.) या स्त्रीकडे मदीनेच्या बाजारावरील देखरेखीचे काम सोपवल्याची रिवायत आहे. पुढे हिस्बा ही स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली. बाराव्या शतकात अश-शैजरी यांनी मुहतसिबांसाठी, म्हणजे बाजाराच्या निरीक्षकांसाठी, जो ग्रंथ लिहिला, त्यात रस्त्यावर हिंडून सुरमा विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये, असा इशारा आहे. लोकांच्या डोळ्यांशी खेळ होऊ नये, ही चिंता त्यामागे होती.

आपल्या देशात हे काम सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० करतात. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडल्यास इतरांत नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले, आणि २०२३ च्या बैठकीत तर पारा घातलेली प्रसाधने २०२५ पर्यंत पूर्णपणे बंद करण्याचे ठरले. केसांच्या काळ्या रंगातील पीपीडी या रसायनाबाबतही नियम स्पष्ट आहे: आधी थोड्या त्वचेवर लावून पाहावे आणि भुवया-पापण्यांना मुळीच लावू नये, अंधत्व येऊ शकते, ही सूचना वेष्टनावर स्थानिक भाषेतही हवी. चाँदरातीला हातावर काढल्या जाणाऱ्या ‘काळ्या मेहंदी’त पुष्कळदा हेच रसायन असते, आणि त्या कोनावर मराठी सोडाच, कोणत्याच भाषेत काही लिहिलेले नसते.

घरी मेहंदीचे कोन बांधून चार पैसे मिळवणाऱ्या भगिनींवर हे नियम जाचक ठरतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच पोकळ नाही. स्वस्त आणि जवळ तपासणी मिळावी, ही त्यांची मागणी रास्तच मानली पाहिजे. परंतु निव्वळ मेहंदीच्या पाल्याचा कोन बांधणाऱ्या भगिनीला लपवण्यासारखे काही नसते. घटक लिहिण्याला खरी हरकत असते ती दुसऱ्याच कोणाची.

सर्वांत अवघड प्रश्न मशिदीच्या दारातला आहे. हदीसमध्ये इस्मिद या सुरम्याची प्रशंसा आली आहे, आणि इस्मिद म्हणजे अँटिमनीचे खनिज असा अर्थ सामान्यतः केला जातो. बाजारात सुरमा म्हणून मिळणारी काळी पूड मात्र अनेकदा गॅलिना, म्हणजे शिशाचे सल्फाइड असते. बाळाच्या डोळ्यांत ती घातली की डोळे चोळलेली बोटे तोंडात जातात, आणि शिसे वाढत्या मेंदूला बाधक असते. तरीही डबीवर सुन्नत हा शब्द ठळक असतो. घटक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि परवाना क्रमांक यांपैकी काहीच नसते. जुम्याच्या नमाजनंतर त्या दुकानापाशी थांबून, हा इस्मिद आहे की शिसे आणि कोणत्या तपासणीवरून सांगता, एवढे विचारण्याचा अधिकार आपणा प्रत्येकाला आहे, आणि आपल्या दारात गाळा देणाऱ्या मशीद समितीला तर तो सर्वांत आधी आहे.