परत येणार ना?

मुलगा परदेशी शिकायला निघाला की घरात पेढे येतात आणि पेढ्यांबरोबर एक प्रश्नही येतो : “परत येणार ना?” मुलगा “हो” म्हणतो. आई त्या “हो”वर विश्वास ठेवते. वडील ठेवल्यासारखे करतात. शैक्षणिक कर्जापायी गहाण पडलेले घर बिचारे काहीच बोलत नाही.

खरे म्हणजे वाट कुठे जाते हे सगळ्यांनाच ठाऊक असते. कॅनडात पदवीनंतर ३ वर्षांपर्यंत कामाचा परवाना मिळू शकतो. जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. कायमच्या वास्तव्यासाठी कॅनडा वय, भाषा, शिक्षण आणि अनुभव यांना गुण देतो, आणि तिशीपासून वयाचे गुण घटत जातात. पूर्वी विद्येसाठी परदेश होता. आता पुष्कळदा परदेशासाठी विद्या असते. यात पाप आहे काय?

निव्वळ जाण्यात नाही, असे मला वाटते. आमच्या देऊळगाव राजाच्या परिसराकडेच पाहा. शेजारच्या सिंदखेड राजाला जिजाऊ जन्मल्या, याचा आम्हांला केवढा अभिमान! पण त्यांचे कर्तृत्व बहरले ते पुणे प्रांती, आणि १६७४ साली देह ठेवला तो रायगडच्या पायथ्याशी, पाचाडला. तालुक्यातले मेहुणा राजा हे चोखोबांचे जन्मगाव मानतात. त्यांची समाधी मात्र पंढरपूरला, महाद्वारी. आणि आपल्या घरातल्या मुली? त्यांना तर आपण पिढ्यान्‌पिढ्या परगावी कायमच्या वास्तव्यासाठीच धाडत आलो. त्यांना कोणी कृतघ्न म्हटले नाही. मुलगा गेला की मात्र आपल्याला मातृभूमीचे ऋण आठवते. तेव्हा आपल्याला मातृभूमीची काळजी असते, की आपल्या म्हातारपणाची? ही काळजी लाजण्यासारखी नाही; पण तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारावी.

शिवाय ऋण एकतर्फी नसते. डॉ. आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. परतल्यावर संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता आणि १९१७ साली ते करार पाळायला बडोद्यास आलेही. परंतु त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना; जात लपवून धरलेली खोलीही सोडावी लागली. ऋण फेडायला आलेल्यालाच दारातून परत लावणाऱ्या समाजाने “परत या” कोणत्या तोंडाने म्हणावे? मुलाला बोलावण्यापूर्वी गावानेही स्वतःकडे एकदा पाहावे. त्याच्या विद्येला येथे काम आहे काय? वशिल्यावाचून ते मिळेल काय?

मग दोष कुठे आहे? माझ्या मते, त्या “हो”मध्ये आहे. अमेरिकेच्या विद्यार्थी-व्हिसासाठी शिक्षणानंतर मायदेशी परतण्याचा इरादा दाखवावा लागतो. मनात दुसरेच असता तो दाखवणे, ही त्या वाटेवरची पहिली तडजोड. घरातला “हो” तिच्याहून वाईट, कारण त्याच्यावर आईबाप आयुष्य बेततात. शेत विकावे की ठेवावे, घरावर मजला चढवावा की नाही, भावाबहिणींच्या जवळ राहायला जावे की येथेच थांबावे, हे सारे ते त्या एका शब्दावर ठरवतात. खोटा शब्द त्यांचे दुःख टाळत नाही. वेळेवर निर्णय घेण्याचा हक्क तेवढा हिरावून घेतो.

कोणी म्हणेल, बाविसाव्या वर्षी मुलाला तरी पुढचे काय ठाऊक? मान्य. मग त्याने “ठाऊक नाही” म्हणावे. आईबापांनीही ते ऐकण्याची तयारी ठेवावी. आपण हवे तेच उत्तर मागत राहिलो तर मुलगा तेच देणार.

या दिवाळीत ज्यांच्या घरी बॅगा भरणे चालले असेल, त्यांनी फराळाच्या ताटावर हे एकदा मोकळेपणी बोलून घ्यावे. कदाचित डोळे पाणावतील. पण पुढची दिवाळी मुलाच्या खोलीत दिवा लावून एकट्याने काढायची असेल, तर ती फसवणुकीत काढण्यापेक्षा माहितीत काढलेली बरी.