हिंसानिषेध आणि रुग्णसेवा : एका शंकेचा विचार

गेल्या चातुर्मासात आचार प्रकरणावरील निरूपण आटोपल्यावर एक उपदेशी भगिनी मागे थांबल्या. त्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहेत. दंडवत करून म्हणाल्या, "बाबा, आमच्याकडे गर्भपात होतात. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती साहित्य देण्याचे काम माझ्याकडे येते. मी नाही म्हटले तर चालेल का? आणि मी नाही म्हटल्यावर त्या बाईचे काय होईल?"

यातील पहिला प्रश्न मला पूर्वी अनेकांनी विचारला आहे. दुसरा विचारणाऱ्या त्या पहिल्याच. म्हणून हा लेख.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अवघड नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी हिंसेचा जो निषेध केला आहे, त्यात लहानमोठा जीव असा भेद नाही. गर्भातील जीव हा जीवच होय. साधकाने आपल्या हाताने, वाचेने किंवा मनाने त्याच्या घातास निमित्त होऊ नये, यात सूट मागण्यास जागा नाही. आणि काळ बदलला म्हणून ती सूट आपण देऊ लागलो, तर उद्या कोणता आचार उरेल?

परंतु आपला आचार आणि राज्याचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या भगिनी दोहोंच्या मध्ये उभ्या आहेत. आपल्या देशात वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला व १ एप्रिल १९७२ पासून तो अमलात आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सद्सद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून या कामातून अंग काढून घेण्याची मुभा देणारे कलम या कायद्यात नाही. उलट डॉक्टरांसाठी २००२ साली जी आचारसंहिता झाली, तिच्यात वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून अशा कामी साहाय्य नाकारू नये, असे स्पष्ट सांगितले आहे. इंग्लंडच्या १९६७ च्या कायद्यात मात्र अशी मुभा आहे. तथापि स्त्रीचा प्राण वाचवण्यासाठी किंवा तिच्या शरीराला होणारी कायमची गंभीर हानी टाळण्यासाठी जे करावे लागते, त्याला ती लागू नाही. ग्लासगोच्या दोन सुईणींच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली असे ठरवले की, ही मुभा प्रत्यक्ष हाताने भाग घेणाऱ्यापुरती आहे. इतरांवर देखरेख करणे, कामाच्या पाळ्या लावणे एवढ्याने ती मिळत नाही. इटलीत १९७८ च्या कायद्याने डॉक्टरांना मुभा दिली आणि तेथील बहुसंख्य स्त्रीरोगतज्ज्ञांनी ती घेतली. परिणाम असा की, कायद्याने जे मिळावयाचे ते मिळवण्यासाठी कित्येक स्त्रियांना एका गावाहून दुसऱ्या गावी हिंडावे लागते. एकट्याचे व्रत जेव्हा साऱ्या रुग्णालयाचे व्रत होते, तेव्हा दारात उभी असलेली स्त्री कोठे जाणार?

येथे एक शंका उपस्थित होते, आणि ती आपल्यातील जाणत्यांनीच माझ्याजवळ बोलून दाखवली आहे. पारध्यांच्या भयाने पळणारा ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी मागितला तरी स्वामींनी तो दिला नाही. ही लीळा ज्यांच्या नित्य स्मरणात आहे, त्यांनी त्या स्त्रीची सोय कोठे होईल याची चिंता का वाहावी? तिला वाट न दाखवणे हेच सशाचे रक्षण नव्हे काय?

शंका बळकट आहे. ती हसण्यावारी नेऊ नये. तरीही दृष्टांत लावताना दार्ष्टांतिक कोण हे आधी ठरवावे लागते. सशाच्या लीळेत ससा निराळा आणि पारधी निराळे. येथे जीव स्त्रीच्या उदरात आहे, आणि आश्रयाला आली आहे ती स्त्री. तिला पारधी ठरवल्यावाचून हा दृष्टांत लागत नाही, आणि तिला पारधी ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ती अत्याचाराला बळी पडलेली अल्पवयीन मुलगी असेल. चार बाळंतपणांनी खंगलेली मजूर बाई असेल. अथवा जिचा गर्भ गर्भाशयाबाहेर नलिकेत राहिला आहे अशी असेल, की जेथे गर्भ जगणे शक्यच नाही आणि उशीर झाल्यास तीही जात नाही असे नाही. हिंसेइतकाच विकल्पही साधकाला बाधक आहे. हात आवरला, पण मनाने तिला पापिणी म्हटले, तर एक दोष टाळून दुसरा पदरात घेतला.

शिवाय धर्माच्या नावाने रुग्णाला दूर ठेवण्याचा आपल्या देशाचा इतिहास पवित्र नाही. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ते घेतले आहे. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर आला तो वस्तीत पाऊल न टाकण्याच्या अटीवर. ओल्या बाळंतिणीला बाहेर आणावे लागले. तापमापक त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने पतीच्या, पतीने पत्नीच्या. परतही तो तसाच आला. न शिवता तपासणी झाली. ती बाई वाचली नाही. त्या डॉक्टरला विचारले असते, तर त्यानेही आपण धर्मच पाळला असे सांगितले असते. सोवळेओवळे आणि विटाळ यांचा स्वामींनी ज्या निर्भयपणे अव्हेर केला, तो ज्यांच्या परंपरेचा आधार आहे, त्यांना हे उदाहरण आपल्याशी संबंधित नाही असे म्हणता येणार नाही.

मग त्या डॉक्टरचा नकार आणि या भगिनीचा नकार यांत अंतर कोणते? भावनेच्या तीव्रतेत ते शोधू नये. त्याचीही भावना तीव्रच होती. मला अंतर दिसते ते असे: तिचा नकार एका कृतीला आहे, त्याचा नकार एका देहाला होता. आणि दुसरे, नकाराची किंमत कोण देतो? त्याचे सोवळे त्याच्यापाशी राहिले, किंमत बाळंतिणीने दिली. व्रत ज्याचे, त्याचा भार त्याने वाहावा. बदली, बढतीची हानी, वरिष्ठांचा रोष, प्रसंगी नोकरी, हे सारे व्रतस्थाने सोसावयाचे. रुग्णाच्या अंगावर लोटलेला भार तप होत नाही.

हे मी त्या भगिनींना सांगितले, आणि व्यवहारातील काही गोष्टीही सांगितल्या. ज्या अमरावती जिल्ह्यात आपले श्रीक्षेत्र रिद्धपूर आहे, त्याच जिल्ह्यात मेळघाट आहे. धारणीहून अमरावतीस येणे म्हणजे घाटातून दिवसभराचा प्रवास आणि एक मजुरी बुडणे. अशा बाईला "आज डॉक्टर नाहीत, पुढल्या आठवड्यात ये" असे खोटे सांगून परत पाठवले, तर तो आठवडा गर्भाच्या वयात मिळतो आणि कायद्याची मुदत सरते. मग ती एखाद्या अडाणी हाताखाली जाते, आणि जेथे एका जीवाची हिंसा होत होती तेथे दोघांची होते. असत्याने अहिंसा राखली जात नाही. स्वामींनी पारध्यांना ससा दिला नाही, पण तो आपल्याजवळ नाही असेही म्हटले नाही. म्हणून ज्याला हात लावावयाचा नाही त्याने ते आधी, वरिष्ठांजवळ, लेखी सांगावे. ऐन वेळी शस्त्रक्रियागृहाच्या दारात नव्हे. स्त्रीचा प्राण जात असेल, तेथे थांबून विचार करीत बसू नये. कायद्यानेही अशा तातडीच्या प्रसंगी आठवड्यांची मर्यादा सोडली आहे. गर्भपातानंतर रक्तस्राव होत असलेली स्त्री समोर आली, तर तिच्या सेवेत व्रताचा प्रश्नच येत नाही. तेथे कुरकुरत दिलेले पाणीही दोषास्पद आहे. आणि जेथे आपणच एकटे, दुसरे कोणी नाही, अशी जागा व्रतस्थाने मुळात पत्करू नये.

शेवटच्या वाक्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, आमच्याकडे दोघी आहोत. दुसरी रजेवर गेली की मी एकटीच."

दिवाळीनंतर त्या पुन्हा आल्या. त्यांनी अधीक्षकांकडे लेखी अर्ज दिला होता. गर्भपाताचे दिवस आठवड्यातून दोन ठरले असून त्या दिवशी दुसऱ्या परिचारिका तेथे असतात, आणि त्या बदल्यात सणावाराच्या रात्रपाळ्या या भगिनींनी आपल्याकडे घेतल्या आहेत. शस्त्रक्रियेनंतर त्या स्त्रिया ज्या खाटांवर असतात, तेथील काम त्यांनी मुद्दाम मागून घेतले. दुसऱ्या परिचारिकेच्या रजेचे दिवस मात्र अजून सुटलेले नाहीत. त्यासाठी बदलीचा अर्ज केला आहे. गाव दूर आहे, आणि घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत.