स्वच्छ हातांची गोष्ट

उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा फडशा पाडणारी आमची पिढी. धनंजय, झुंजार, काळा पहाड ही मंडळी भूगोलाच्या पुस्तकात लपून आमच्या घरी यायची. बॉस्टनला आल्यावर त्यांची जागा कोणी घेतली असेल, तर ती इथल्याच एका खाजगी गुप्तहेराने, स्पेन्सरने.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडी ओळख. रॉबर्ट बी. पार्कर हे इथल्या नॉर्थईस्टर्न युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवत. १९७३ साली 'द गॉडवुल्फ मॅन्युस्क्रिप्ट'मधून त्यांनी स्पेन्सरला जन्म दिला आणि जानेवारी २०१० मध्ये लिहिण्याच्या टेबलाशीच मृत्यूने गाठेपर्यंत त्याच्यावर चाळीसेक कादंबऱ्या लिहिल्या. लोकांना स्पेन्सर इतका हवाहवासा वाटतो, की पुढे एस ॲटकिन्स आणि २०२३ पासून माइक लुपिका यांनी ही मालिका चालू ठेवली आहे. स्पेन्सर एकेकाळचा बॉक्सर. स्वयंपाक उत्तम करतो, कविता जाणतो, आणि महत्त्वाचं म्हणजे स्वतःचे नियम पाळतो.

आमच्या गावच्या लायब्ररीत महिन्यातून एकदा वाचकांचा गट जमतो. गेल्या हिवाळ्यात तिथे 'अर्ली ऑटम' (१९८१) हे पुस्तक घेतलं होतं. आईवडिलांच्या भांडणात बेवारस झालेल्या पॉल नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला स्पेन्सर आपल्या पंखाखाली घेतो, त्याच्याबरोबर लाकडी घर बांधतो, त्याला व्यायाम शिकवतो, स्वतःच्या पायांवर उभं करतो. मुलं वाढवणाऱ्या कोणालाही आवडावं असं पुस्तक. पण आमचा सगळा वाद झाला तो दुसऱ्याच एका प्रसंगावर.

हॅरी कॉटन नावाचा गुंड स्पेन्सरच्या जिवावर उठलेला आहे. स्पेन्सर त्याला लोळवतो. हा माणूस जिवंत राहिला तर पुन्हा मारेकरी पाठवणार, हे स्पष्ट आहे. पण पडलेल्या माणसाला मारणं स्पेन्सरच्या नियमात बसत नाही. मग त्याचा मित्र हॉक पुढे होतो आणि शांतपणे गोळी घालतो. स्पेन्सरचा जीव वाचतो आणि नियमही वाचतो!

गटातले एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "स्पेन्सर मोठा आहे तो इथेच. जीव धोक्यात असूनही त्याच्याने ते होत नाही." दुसऱ्या बाईंना हॉकच जास्त प्रामाणिक वाटला, कारण तो स्वतःला फसवत नाही. मग इतका वेळ गप्प बसलेल्या एक आफ्रिकन-अमेरिकन बाई म्हणाल्या, "हॉक काळा आहे, हे कोणी बोलणार आहे का? गोऱ्या नायकाची सदसद्विवेकबुद्धी स्वच्छ राहावी म्हणून घाणेरडं काम काळ्या माणसाने करायचं. मला ही पुस्तकं आवडतात, पण हे दर वेळी खुपतं."

खोलीत शांतता पसरली. मी मात्र वेगळ्याच कारणाने गप्प होतो. मला आमच्या गावाकडची जमीन आठवली होती.

वडील गेल्यावर सात-बाऱ्यावर वारसांची नावं लावायची होती. माझी रजा तीन आठवड्यांची. त्यातले दोन कागदपत्रं गोळा करण्यात आणि एका कचेरीच्या चकरा मारण्यात गेले. शेवटी चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तू जा निवांत. मी बघतो." मी विमानात बसलो. दीड महिन्याने त्याचा फोन आला, "दादा, नोंद झाली." मी आभार मानले. कशी झाली, हे विचारलं नाही. मंडळी, मला ते ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मला ते ऐकायचं नव्हतं, एवढंच. आणि त्याच वर्षी मंडळाच्या दिवाळीत, हातात फराळाची बशी घेऊन, भारतातल्या भ्रष्टाचारावर तावातावाने बोलणाऱ्यांत मीही होतो.

महाभारतकारांनी हे किती आधी ओळखलं होतं! अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला भीमाने, शस्त्र टाकून बसलेल्या द्रोणांचा शिरच्छेद केला धृष्टद्युम्नाने. युधिष्ठिराने फक्त एक अर्धसत्य उच्चारलं. पण जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला तो त्याचाच.

स्पेन्सरच्या बाजूने एक सांगायला हवं. त्याने हॉकला 'मार' असं सांगितलं नव्हतं. मीही भावाला 'पैसे दे' असं सांगितलं नव्हतं. शिवाय ज्याच्याने काही गोष्टी होत नाहीत असा माणूस जगात असणं चांगलंच आहे. सगळेच हॉक झाले तर नियम कोणी पाळायचे? पण नियम पाळण्याची किंमत आपण स्वतः मोजली, तर ते तत्त्व. ती दुसऱ्याने मोजली आणि फायदा आपण घेतला, तर ती फक्त सोय. स्वतः पार्करनेच 'मॉर्टल स्टेक्स'मध्ये (१९७५) स्पेन्सरला सापळा रचून दोघांना स्वतःच्या हाताने मारायला लावलं होतं, आणि नंतर तो स्वतःशी झगडत राहतो. मला तो मळलेल्या हातांचा स्पेन्सर जास्त खरा वाटतो.

त्या रविवारी मी भावाला फोन केला. मुलगी सुट्टीसाठी घरी आली होती, शेजारीच बसली होती. मी विचारलं, "त्या नोंदीचे किती दिलेस?" तो आधी हसला, मग आकडा सांगितला. मी म्हटलं, "आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाला, "दादा, तू विचारलं नाहीस. तुला विमान पकडायचं होतं, मला इथेच राहायचं आहे. उद्या विहिरीच्या कामासाठी मला परत त्याच टेबलासमोर उभं राहायचंय."

२०१८ साली कायदा बदलला. आता लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्यालाच सूट. म्हणजे मी इथे स्वच्छ राहावं म्हणून त्याने पैसे दिले, कमीपणा घेतला आणि कायद्याचा धोकाही. मी पैसे पाठवतो म्हटलं, तर "राहू दे रे" म्हणाला. त्याला पैसे नकोच होते. इतक्या दिवसांनी का होईना, मी विचारलं, एवढंच त्याला बरं वाटलं असावं.

फोन ठेवल्यावर मुलीने विचारलं, "म्हणजे काकाने ब्राइब दिली? आपल्यासाठी?" तिला 'तिकडे असंच चालतं' हे नेहमीचं उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "हो. आपल्यासाठी. आणि मी बघितलं न बघितल्यासारखं केलं." ती बराच वेळ काही बोलली नाही.

या डिसेंबरात गावी जायचं आहे. वडिलांच्या घराची नोंद अजून व्हायची आहे. यावेळी रजा जास्त काढली आहे आणि भावाला सांगितलंय की रांगेत मी उभा राहणार. टेबलापलीकडून मागणी झाली तर तक्रार करण्याचं धैर्य माझ्यात असेल, की चार चकरांनंतर मीही खिशात हात घालीन? बढाई मारत नाही. पण जे काही होईल ते माझ्या हातून होईल, आणि परत आल्यावर मुलीला मीच सांगेन.