उसना नमस्कार

माझ्या पुतण्याने बँकॉकला नोकरी धरली आणि तिथल्याच मुलीशी लग्न केले. त्या लग्नाला मी गेलो नाही. शाळेची सबब सांगितली. खरे कारण आम्हां दोघांनाही ठाऊक होते. गेल्या दिवाळीला ती दोघे घरी यायची ठरली, तेव्हा मी तिच्या भाषेतला नमस्कार घोकायला बसलो. ‘सवत्दी.’ पुरुषाने पुढे ‘ख्रप्’ जोडायचे, स्त्रीने ‘खा’.

शब्द ‘स्वस्ति’वरून घडलेला, हे कळताच माझी छाती उगाच फुगली. पण अभिवादन म्हणून तो फार जुना नाही. चुलालाँगकॉर्न विद्यापीठातले भाषापंडित फ्राया उपकित सिल्पसान यांनी तो १९३०च्या दशकात घडवला, आणि १९४३ साली पिबुन सोंगक्राम यांच्या सरकारने तो साऱ्या देशाला लावून दिला. त्यापूर्वी लोक एकमेकांना ‘कुठे निघालात?’, ‘जेवलात का?’ असे विचारीत, आजही विचारतात. आपल्या गावच्या पारावर तरी दुसरे काय विचारतात?

मग प्रश्न पडला: हुकमाने आलेला नमस्कार खरा असतो का? वर्गात मुले एका सुरात ‘नमस्ते गुरुजी’ म्हणतात, तेही माझ्याच हुकमाने. आणि मनात अढी ठेवून मी जो घोकीत होतो, तो ढोंगच नव्हे का?

सूनबाई आली. मी हात जोडून अडखळत बोललो. तिनेही हात जोडले, मान लववली. “सवत्दी खा.” आमच्या म्हाताऱ्या आईने तेवढे शेवटचे अक्षर ऐकले आणि करंज्यांचे ताट पुढे सरकवीत ती म्हणाली, “अगं, आधी तू खा!”

आईच्या मनात अढी नव्हती, म्हणून तिला शब्द शिकावा लागला नाही. उपचार असतो तो माझ्यासारख्यांसाठी. दुसऱ्याला फसवायला उच्चारलेला शब्द ढोंग खराच. पण स्वतःला वळण लावायला उच्चारलेला शब्द म्हणजे आगाऊ घेतलेली उचल. ती पुढच्या वागण्याने फेडायची असते. नाही फेडली, तर मात्र ते ढोंगच ठरते.

थाई माणूस निरोपालाही तोच शब्द वापरतो. निघताना मी तो सुनेला नीट म्हणून दाखवला. ती मनापासून हसली. पुतण्याशी लग्नाचा विषय मात्र अजून काढलेला नाही. तेवढी उचल माझ्या अंगावर आहे.